उस्मानाबाद जिल्हा आणि न्यायपंचायतीचा अल्पजीवी प्रयोग

उस्मानाबाद (आजचा धाराशिव) जिल्हा १९५६ मध्ये हैदराबाद राज्यातून मुंबई राज्यात आला. पुढे १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमातील न्यायपंचायतीची तरतूद येथेही लागू झाली. किरकोळ गुन्ह्यांचा निवाडा गावकरी पंचांनी करावयाचा; शिक्षा दंडाचीच, कारावासाची नव्हे. गरिबाचा तालुक्याचा हेलपाटा वाचावा, हा हेतू रास्तच होता. परंतु पंच, फिर्यादी व आरोपी एकाच पंचक्रोशीतले. तेथे गावकुसाबाहेरच्या माणसाने दाद कोणाकडे मागावी? डॉ. आंबेडकरांनी १९३२ मध्येच मुंबई कायदेमंडळात ग्रामपंचायतींना न्यायदानाचे अधिकार देण्यास विरोध केला होता. प्रस्तुत लेखकास तो आक्षेप निर्णायक वाटतो. १९७५ मध्ये महाराष्ट्रातील न्यायपंचायती रद्द झाल्या. २००८ च्या ग्राम न्यायालय अधिनियमात न्यायासनावर प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याच्या पात्रतेचा न्यायाधिकारीच आहे.