बीटल्सचा मॅनेजर

मंडळी, झोपेतून उठवून विचारलं तरी आपण बीटल्सची नावं सांगू: जॉन, पॉल, जॉर्ज, रिंगो. पण त्यांच्या मॅनेजरचं नाव? ब्रायन एपस्टाईन! आम्हा आयटीवाल्यांच्या डोळ्यासमोर मॅनेजर म्हटलं की एक्सेल शीट आणि "कधी होणार?" एवढंच येतं. म्हणून आज जरा या वेगळ्या मॅनेजरबद्दल.

ब्रायन १९३४ साली लिव्हरपूलमध्ये जन्मला. घरचा फर्निचरचा धंदा. याला कपडे डिझाईन करायचे होते, वडिलांना ते पटलं नाही. लंडनला नाटकाचं शिक्षण घ्यायला गेला, तेही अर्धवट सोडून परत आला. शेवटी घरच्याच 'नेम्स' या दुकानात रेकॉर्ड विकू लागला आणि तिथे मात्र त्याचं छान जमलं.

९ नोव्हेंबर १९६१. दुपारच्या सुट्टीत तो जवळच्या कॅव्हर्न क्लबच्या तळघरात उतरला. चामड्याची जाकिटं घातलेली चार पोरं स्टेजवरच खात होती, सिगारेट ओढत होती. साहेब भारावलेच! जानेवारी १९६२ मध्ये करारही झाला. गंमत म्हणजे त्यावर पोरांनी सह्या केल्या, पण ब्रायनने स्वतःची केलीच नाही.

बँड चालवायचा अनुभव शून्य. तरी त्याने पोरांना सूट शिवले, गाणं संपल्यावर वाकून अभिवादन करायला शिकवलं. डेका कंपनीने नकार दिला, तेव्हा टेप घेऊन लंडनमध्ये उंबरठे झिजवले. शेवटी पार्लोफोनच्या जॉर्ज मार्टिनने दार उघडलं. ऑगस्ट १९६२ मध्ये ड्रमर पीट बेस्टला काढायचं ठरलं, तेव्हा ते त्याला सांगायचं काम कुणाकडे आलं? अर्थात मॅनेजरकडे!

अमेरिकेतल्या एड सलिव्हन शोसाठी त्याने तीन कार्यक्रमांचे मिळून फक्त १० हजार डॉलर घेतले, पण बीटल्सचं नाव सगळ्यात वर हवं हा हट्ट सोडला नाही. ९ फेब्रुवारी १९६४ ला सुमारे ७.३ कोटी लोकांनी तो शो पाहिला. पण याच माणसाच्या कंपनीने बीटल्सच्या नावाचे विग, बाहुल्या वगैरे विकायचे हक्क देताना ९० टक्के वाटा समोरच्याला देऊन टाकला! नंतर करार बदलला, पण तोवर बराच पैसा हातचा गेला होता. एवढं मार्केट तयार होईल याचा अंदाज तेव्हा होता कुणाला?

आणि एक गोष्ट त्याला आयुष्यभर लपवावी लागली. तो समलिंगी होता, आणि इंग्लंडमध्ये तो गुन्हा होता. जुलै १९६७ मध्ये कायदा बदलला. जेमतेम महिन्याने, २७ ऑगस्टला, झोपेच्या गोळ्या जास्त झाल्याने तो गेला. वय ३२. चौकशीत मृत्यू अपघाती ठरला. बीटल्स तेव्हा वेल्समधल्या बँगोरला महर्षी महेश योगींच्या शिबिरात होते.

पुढे काय झालं ते आपल्याला माहीत आहेच. १९६९ मध्ये नवा मॅनेजर कोण यावरूनच चौघांत जुंपली, आणि १९७० मध्ये बीटल्स संपले. फक्त ब्रायन नव्हता म्हणून ते फुटले असं मी म्हणणार नाही, आपापसातली धुसफूसही होतीच. पण ती निस्तरणारा, चौघांनाही मान्य असलेला माणूस पुन्हा मिळाला नाही. रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमने ब्रायनची दखल घेतली ती २०१४ मध्ये.

प्रोजेक्ट सुरळीत चालला असला की "हा मॅनेजर नेमका करतो काय?" असं आपण चहाच्या टपरीवर हमखास विचारतो. बीटल्सना त्याचं उत्तर मिळालं, पण जरा उशिराच.