बंदुकीच्या दस्त्यातली चूक
वीरपासून पोलादपूरपर्यंत भातशेतीला रानडुकराचा उपद्रव जुनाच. १८७८च्या शस्त्र कायद्याने परवाना सक्तीचा झाला, तरी कोकणात शेतराखणीची ठासणीची बंदूक टिकली. तिचा इतिहास नळीइतकाच लाकडी दस्त्यातही वाचता येतो. नळी बसवायची खाच खोल गेली, तर पातळ चीप चिकटवून भरता येते. पण मुठीशी, जिथे दस्ता सर्वांत बारीक असतो, तिथे लाकडाचे रेषे आडवे गेले, तर बाराच्या धक्क्याने तो चिरतो. ही चूक लाकूड निवडतानाच झालेली असते. जुन्या तोड्याच्या बंदुकांत नळी चामड्याने वा तारेने दस्त्याला बांधत. मुठीवर तसाच वेढा दिसला, तर मात्र ती बहुधा चिरेची दुरुस्ती समजावी.