विंचवाचा दंश आणि हृदयाचा आलेख

१/ आठ-दहा वर्षांचे मूल. काही तासांपूर्वी पायाला लाल विंचू चावलेला. ईसीजी काढावा, तर कागदावर हृदयविकाराच्या झटक्याची खूण: एसटी भाग वर उचललेला, टी तरंग तंबूसारखा टोकदार. पन्नाशीतल्या रुग्णाच्या आलेखात दिसावे ते बालकाच्या आलेखात कसे आले?

२/ आलेखावरील पी-क्यू-आर-एस-टी ही अक्षरे डच शास्त्रज्ञ विलेम आइंटहोवेन यांची (नोबेल, १९२४). आलेख हृदयातील विद्युत बदल दाखवतो; त्यामागचे कारण वैद्याने शोधायचे असते. एसटी उचलला म्हणजे रक्तवाहिनीत गुठळीच, असे नव्हे.

३/ जालना जिल्ह्यातील देहेड गावचे डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ मध्ये महाडजवळच्या बिरवाडी प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. विंचूदंशाचे रुग्ण एकाच क्रमाने ढासळताना त्यांनी पाहिले: उलटी, दरदरून घाम, बर्फासारखे हातपाय, चढलेला रक्तदाब आणि शेवटी फुप्फुसात पाणी. खाटेशेजारी बसून केलेल्या त्या नोंदी १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आल्या. तालुक्यातल्या डॉक्टरासाठी ही लहान गोष्ट नव्हती.

४/ विंचवाचे विष मज्जातंतूंतील सोडियमची द्वारे वेळेवर मिटू देत नाही. शरीरात अॅड्रेनलिनवर्गीय द्रव्यांचा लोंढा सुटतो, रक्तवाहिन्या आवळतात, हृदयाला प्रचंड दाबाविरुद्ध झुंजावे लागते. स्नायू होरपळतो आणि आलेख बिघडतो. हृदयाच्या धमन्या मात्र मोकळ्या असू शकतात! रुग्ण वाचला तर आलेख बहुधा पूर्ववत होतो.

५/ कारण उमगले तेव्हा उपायही सापडला. आवळलेल्या वाहिन्या सैल करणारे प्राझोसिन हे रक्तदाबाचे औषध बावस्करांनी वापरले. त्याचा अहवाल ‘लॅन्सेट’मध्ये १९८६ साली आला. गंभीर रुग्णांत पूर्वी ३० ते ४० टक्क्यांच्या घरात असलेले मृत्यू सुमारे एक टक्क्यावर आले.

६/ खानदेशापासून कोकणापर्यंत विंचू ‘उतरवणाऱ्या’ मांत्रिकांना यश का लाभे, हेही येथे कळते. काळ्या विंचवाचा दंश ठणकतो, पण सहसा जिवावर बेतत नाही. वेदना आपोआप ओसरते आणि श्रेय मंत्राला जाते. लाल विंचवाच्या बाबतीत याच विश्वासापायी मोलाचे तास वाया जात.

७/ २०११ मध्ये बावस्कर दांपत्याची ७० रुग्णांवरील चाचणी ‘बीएमजे’त प्रसिद्ध झाली. प्राझोसिनसोबत प्रतिविष दिलेल्या ३५ पैकी ३२ रुग्णांची लक्षणे दहा तासांत पूर्ण ओसरली. केवळ प्राझोसिन दिलेल्या ३५ पैकी आठांची. २०२२ मध्ये डॉ. बावस्करांना पद्मश्री जाहीर झाली.