भिंत तेवढीच, पडदा मात्र रुंद

सिनेमाचा पडदा काळानुसार मोठा होत गेला, असे आपण सर्रास वाचतो. भंडाऱ्यासारख्या जिल्ह्याच्या अरुंद थिएटरांना हे विधान लागू पडत नाही.

7 जुलै 1896 रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची चलच्चित्रे दाखवली गेली. पुढे सिनेमा तंबूतून जत्रांत पोचला. तिथे पडदा म्हणजे ताणलेले कापड आणि प्रेक्षागृह म्हणजे कनात. बोलपटांचा आवाज नीट ऐकू यायचा तर बंदिस्त जागाच हवी. हॉलिवूडने 1932 मध्ये ठरवलेले चित्र उंचीच्या 1.37 पट रुंद होते. त्याला लांबट, अरुंद सभागृह पुरे.

अमेरिकेत दूरचित्रवाणीने प्रेक्षक घरी बसवले, तेव्हा 1953 मध्ये ‘द रोब’द्वारे सिनेमास्कोप आला. आपल्याकडे पहिला सिनेमास्कोप गुरुदत्त यांचा ‘कागज के फूल’, 1959 चा. चित्रीकरणाच्या वेळी भिंगाने आडवे आकसलेले चित्र प्रक्षेपकाच्या भिंगाने पुन्हा पसरवायचे, म्हणजे उंचीच्या 2.35 पट रुंदी मिळे. भिंग विकत आणता येते. भिंती सरकवता येत नाहीत.

समजा, दोन भिंतींमध्ये 24 फुटांचाच पडदा मावतो. त्यावर जुने चित्र साडेसतरा फूट उंच दिसे, सिनेमास्कोप जेमतेम सव्वादहा फूट. क्षेत्रफळ 40 टक्क्यांहून अधिक घटले! जाहिरातीतला ‘भव्य’ सिनेमा अशा थिएटरात आखूड होऊनच यायचा. ‘शोले’ (1975) मुंबईच्या मिनर्व्हात 70 मिलिमीटरवर झळकला. ती यंत्रणा नसलेल्या गावांनी तो 35 मिलिमीटरवर पाहिला.

भाऊबीजेनंतर मंडईच्या दिवसांत साकोली-लाखांदूर पट्ट्यात झाडीपट्टीची नाटके रात्रभर चालतात. तिथला मंडप गर्दी पाहून वाढवता येतो. पक्क्या थिएटराने ही तंबूची सोय गमावली होती.

1997 मध्ये दिल्लीत पहिले मल्टिप्लेक्स सुरू झाले आणि एका मोठ्या सभागृहाऐवजी अनेक लहान सभागृहांची रीत पडली. भंडाऱ्याहून नागपूर अवघे 60 किलोमीटर. नवा सिनेमा पाहायला तिकडे जाणे आता नवलाचे नाही. इकडे बंद पडलेल्या थिएटराचे गोदाम होते किंवा मंगल कार्यालय. तिथे कोणते सिनेमे लागले हे जुन्या वर्तमानपत्रांच्या जाहिरातींत सापडेल. पडदा किती फूट होता, शेवटची रांग त्यापासून किती लांब होती, हे मात्र ती इमारतच सांगू शकते. म्हणून पाडकामाआधी कुणीतरी टेप घेऊन आत जायला हवे.