एकलहऱ्याच्या कोळशाचा हिशेब

एकलहऱ्याचं औष्णिक वीजकेंद्र १९७० साली सुरू झालं. २१० मेगावॅटचे तीन संच १९७९ ते १९८१ दरम्यान आले. नाशिक रोडला अकरावीची शिकवणी घेताना मी ऊष्मारसायनाचा धडा तिथूनच सुरू करतो. तिथली धुराडी मुलांनी लहानपणापासून पाहिलेली असतात.

वाघिणीतून आलेल्या कोळशाची किंमत नुसत्या वजनावर ठरत नाही, त्याचा उष्मांकही पाहतात. तो मोजायचा बॉम्ब कॅलरीमापी फ्रान्सच्या बर्थेलोने १८८१च्या सुमारास तयार केला. जाड पोलादी भांडं, आत एक ग्रॅम कोळशाची भुकटी आणि पंचवीस-तीस पट वातावरणीय दाबाचा ऑक्सिजन, भोवती दोनेक लिटर पाणी. तारेतून वीज सोडली की कोळसा भसकन जळतो, आणि पारा चढतो जेमतेम दीड अंश! भांड्यासकट पाण्याला अंशामागे २४०० कॅलरी लागत असतील, तर ग्रॅमला ३६०० कॅलरी झाल्या. पावसात भिजलेल्या कोळशातलं पाणी वाफ होताना ग्रॅममागे सुमारे ५४० कॅलरी खातं, तेही इथेच सांगून टाकतो.

मला खरा जिव्हाळा हेसच्या १८४०च्या नियमाचा: अभिक्रिया एका टप्प्यात होवो की दोन, एकूण उष्णता तितकीच. कार्बन पूर्ण जळला तर मोलमागे ३९३.५ किलोज्यूल मिळतात. हवा कमी पडून कार्बन मोनॉक्साइडवरच अडला, तर ११०.५. हा दुसरा आकडा थेट मोजणं अवघड, कारण थोडा डायऑक्साइड होतोच. तो हेसच्या वजाबाकीने काढायचा. उरलेले २८३ किलोज्यूल धुराड्यातून फुकट. बॉयलरला गरजेपेक्षा थोडी जास्तच हवा का देतात, ते मुलं मग स्वतःच सांगतात.