लेकीच्या हातातलं भुताचं पुस्तक

बोरीहून बोलतेय. बचत गटाच्या बैठकीत हिशोब उरकला की लेकींचा विषय निघतोच. "पोरगी भुताखेताची पुस्तकं वाचते, रात्री दचकते. बंद करू का?" असं आया विचारतात. बंद करण्याआधी या पुस्तकांचा इतिहास ऐका.

आपल्याकडे हाडळ आणि वेताळ, तसा युरोपात व्हॅम्पायर. म्हणजे कबरीतून उठून माणसाचं रक्त पिणारं भूत. तीनशे वर्षांपूर्वी तिकडच्या खेड्यांत ही करमणुकीची गोष्ट नव्हती. साथीत माणसं पटापट गेली की नुकत्याच मेलेल्यावर संशय यायचा. लोक कबर उकरायचे. थंडीमुळे प्रेत कुजलेलं नसलं की म्हणायचे, हाच रात्री उठतो. मग त्याच्या छातीत मेख ठोकायची, नाहीतर जाळायचं. 1755 साली ऑस्ट्रियाच्या राज्यात एका बाईचं प्रेत असंच उकरून जाळलं. तिथे तेव्हा मारिया थेरेसा ही राणी राज्य करत होती. तिने वैद्य पाठवून चौकशी करवली. ही भुताटकी नाही, प्रेत न कुजण्याला साधी कारणं असतात, असं तिच्या राजवैद्याने सांगितलं. राणीने असल्या प्रकारांवर कायद्याने बंदी घातली.

पुढे हीच भीती कादंबरीत आली. 1872 साली आयर्लंडच्या शेरिडन ले फानू यांची 'कार्मिला' पुस्तकात छापली गेली. प्रसिद्ध 'ड्रॅक्युला' त्यानंतर 25 वर्षांनी, 1897 साली आली. 'कार्मिला'ची गोष्ट लॉरा नावाची पोर स्वतः सांगते. वय 19, आई लहानपणीच गेलेली, सोबतीला कुणी नाही. घरी पाहुणी आलेली मुलगी तिची जिवलग मैत्रीण होते, आणि लॉरा दिवसेंदिवस फिकी पडत जाते. डॉक्टर येतो, पण बोलतो तिच्या वडिलांशी. लॉरा विचारते तर वडीलही सांगत नाहीत. वाचणारीला मात्र सगळं आधीच कळलेलं असतं. "अगं, सावध हो," असं तिला ओरडून सांगावंसं वाटतं. या पुस्तकाची गोडी त्यातच आहे.

मराठीत भयकथांची गोडी लावली ती नारायण धारप यांनी (1925–2008). त्यांची 'लुचाई' ही कादंबरी अमेरिकेच्या स्टीफन किंग यांच्या 1975 सालच्या 'सेलम्स लॉट'वर बेतलेली. त्या मूळ कादंबरीत एका शाळकरी पोराच्या खिडकीशी मेलेला सोबती येतो आणि "आत घे" म्हणतो. पोरगा त्याला आत घेत नाही. असल्या गोष्टी वाचूनच तो शहाणा झालेला असतो.

मैत्रिणींनो, पुस्तकातलं भूत पान मिटलं की गप्प बसतं. गावातलं बसत नाही. भूत उतरवायच्या नावाखाली बाईलाच मार बसतो, करणी केली म्हणून बाईकडेच बोट जातं. म्हणून तर 2013 साली महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. भूत उतरवतो म्हणून मारहाण करणं, अमकी करणी करते असं ठरवून तिला छळणं, हा आता गुन्हा आहे. तिकडे राणीने केलं, तेच काम इथे कायद्याला करावं लागलं.

आणि लॉराकडे पुन्हा बघा. तिच्याच अंगात काय होतंय, ते तिलाच कुणी सांगत नाही. आपल्या लेकींचं वेगळं काय असतं? पहिली पाळी येते तेव्हा पोर रक्त बघून घाबरते, कारण आधी कुणी बोललेलंच नसतं. वर "शिवू नको, कडुलिंबाखाली जाऊ नको, भूत लागेल" हे आपणच सांगतो. भीती पुस्तकाने घातली की आपण?

तेव्हा पुस्तक काढून घेऊ नका. तिच्याजवळ बसा, "कुठं भ्या वाटलं गं?" असं विचारा. वाचता येत असेल तर तुम्हीही चार पानं वाचा, नसेल तर तिच्याकडून वाचून घ्या. आणि पाळीचं चार शब्दांत, पाळी यायच्या आधीच सांगून टाका.