मँटल पाठीशी होता

मामा 1961 साली न्यूयॉर्कमध्ये शिकत होते. बेसबॉल त्यांना शिकवला घरमालकांनी. आजोबांच्या वयाचे ते गृहस्थ यँकीज संघाचे निस्सीम भक्त. मामा तो हंगाम आम्हा भाचरांना सांगत, तेव्हा निम्मे शब्द त्या घरमालकांचे असत.

घरमालकांचं दैवत बेब रूथ. 1927 साली त्याने 60 होमरन मारले आणि पुढची 34 वर्षं तो विक्रम अबाधित राहिला. 1961मध्ये यँकीजचेच दोघे त्या आकड्याच्या मागे लागले. मिकी मँटल हा ओक्लाहोमातल्या खाणकामगाराचा मुलगा, तोवर न्यूयॉर्कचा लाडका झालेला. रॉजर मॅरिस फार्गोत वाढलेला, अबोल, संघात येऊन जेमतेम दुसरं वर्ष. वर्तमानपत्रं दोघांत भांडण रंगवत होती आणि हे दोघे क्वीन्समध्ये एकाच घरात राहत होते!

एका गोष्टीपाशी मामा हमखास रेंगाळत. धोकादायक फलंदाजाला मुद्दाम पहिला बेस फुकट देण्याची रीत आहे; 2017 पूर्वी त्यासाठी चेंडू मुद्दाम बाहेर टाकावे लागत. पण मॅरिस तिसरा यायचा आणि त्याच्या पाठोपाठ मँटल. मॅरिसला सोडलं तर गाठ मँटलशी. अख्ख्या हंगामात मॅरिसला असा बेस एकदाही दिला गेला नाही.

त्या वर्षी सामने 154 वरून 162 झाले होते. बेसबॉलचे आयुक्त फोर्ड फ्रिक एकेकाळी रूथच्या नावाने लेख लिहून देत. जुलैमध्ये त्यांनी जाहीर केलं की 154 सामन्यांनंतर विक्रम झाला, तर त्याची नोंद वेगळी होईल. मला हा निर्णय आजही अन्यायाचा वाटतो. रूथच्या काळात कृष्णवर्णीय खेळाडूंना यँकीजसारख्या संघांचे दरवाजेच बंद होते. त्याच्या 60 पुढे कुणी तशी टीप जोडली नाही.

ताणाने मॅरिसचे केस झडू लागले. मँटल सप्टेंबरअखेरीस कमरेच्या जंतुसंसर्गाने रुग्णालयात गेला, 54 वर थांबला. 154व्या सामन्यापर्यंत मॅरिसचे 59 झाले होते.

1 ऑक्टोबरला, हंगामाच्या शेवटच्या दिवशी, बोस्टनच्या ट्रेसी स्टॅलर्डचा चेंडू त्याने उजवीकडच्या प्रेक्षकांत भिरकावला. एकसष्टावा! यँकीज 1–0ने जिंकले. यँकी स्टेडियममध्ये प्रेक्षक होते 23,154. निम्म्याहून अधिक जागा रिकाम्या. मामांचे घरमालकही गेले नव्हते. रूथचा विक्रम मोडायचाच असेल तर तो मँटलने मोडावा, असं त्यांचं म्हणणं.

मॅरिस 1985 साली, वयाच्या 51व्या वर्षी गेला. नोंदीतला तो भेद 1991मध्ये पुसला गेला आणि विक्रम त्याच्या एकट्याच्या नावे झाला. मामांना मात्र कुणी 61 म्हटलं की ते लगेच म्हणत, ‘115 म्हणा.’ एका संघातल्या दोघांनी मिळून एका हंगामात त्याहून अधिक होमरन आजवर मारलेले नाहीत.